त्या वेळी मी तिथं नव्हतो

जयमाला तायडे मलकापूरच्या कोर्टात उभी राहायला लागली, त्याला चौदा वर्षं झाली होती. अगदी पहिल्या दिवशी तिचे सिनियर, कारभारी वकील, यांनी तिला बजावलं होतं की फौजदारीत पक्षकाराला ‘तू केलंस का?’ असं कधीच विचारायचं नाही. पोलीस काय म्हणतात ते विचारायचं, कागद काय म्हणतात ते वाचायचं, आणि सरकार पक्षाचं कुठं सैल पडलंय ते शोधायचं. जयमालाने हे इमानाने पाळलं होतं. भागवतलाही तिने विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं, आणि तेही तीन तऱ्हांनी.

भागवत वडनेर भोलजीचा मोठा शेतकरी. त्याच्या शेताकडे जायची वाट शेजारच्या उकंडरावच्या बांधावरून जात होती, आणि ती वाट कुणाची यावरून दोघांचं प्रकरण पाच वर्षं तहसीलमध्ये पडून होतं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी उकंडराव आपल्याच विहिरीत मेलेला सापडला. कानामागे खोल जखम होती. पोलिसांकडे साक्षीदार म्हणावा असा एकच माणूस होता, रहेमतुल्ला. गावात मोटारी बांधायचं, म्हणजे विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार भरायचं, त्याचं दुकान होतं. आदल्या दिवशी दिवेलागणीला तो सायकलवरून घरी परतत होता, तेव्हा त्याने भागवतला उकंडरावच्या विहिरीवरून खाली उतरताना पाहिलं होतं. एकट्याला.

भागवतला बुलडाण्याच्या जेलात ठेवलं होतं. जयमाला राजूरचा घाट चढून त्याला भेटायला गेली. पंचेचाळीशीचा माणूस, भांग नीट पाडलेला, आवाज मऊ. जेलात आल्याची कसलीच घाई किंवा घबराट त्याच्या तोंडावर नव्हती. जयमालाने त्याला नेहमीप्रमाणे समजावलं. अशा केसमध्ये बचावाच्या चार वाटा असतात. पहिली, त्या वेळी मी तिथं नव्हतोच. दुसरी, मी होतो, पण तो पाय घसरून पडला. तिसरी, त्याने आधी हात उचलला, मी जीव वाचवायला ढकललं. चौथी, माझ्या हातून झालं पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्यासाठी डॉक्टरांचे जुने कागद लागतात. हे सगळं ती प्रत्येकाला सांगायची. ऐकून बहुतेक जण गप्प व्हायचे, कुणी रडायचं.

भागवत मान किंचित कलती करून ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने विचारलं, “मंग यातलं तुमाले कोन्तं पाह्यजे?”

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी तो मलकापुरात बियाण्याच्या दुकानात होता, तिथं कोण भेटलं, चहा कुणी पाजला, निघताना दुकानदार काय म्हणाला. ते संपवून त्याने दुसरं घेतलं. उकंडराव विहिरीत वाकून पाइप पाहत होता, शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला, हा धरायला धावला पण हातात नुसती बाही आली. मग तिसरं. उकंडरावने फावडं उगारलं, आईवरून शिवी दिली. हे सांगताना भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने रुमालाने डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहत राहिला. दुकानदार कापड उलगडून दाखवतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो, तसा.

तिन्ही गोष्टींत एक बारकी बाब सारखी होती. उकंडरावला कमी ऐकू यायचं, आणि कानाचं मशीन त्या संध्याकाळी त्याने काढून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. मागून कुणी आलं तरी त्याला चाहूल लागली नसती, असं भागवत मलकापुरातल्या गोष्टीतही बोलून गेला.

महिन्याभराने दोषारोपपत्राची प्रत जयमालाच्या हातात आली. मृताच्या अंगावरच्या वस्तूंच्या यादीत सहावी नोंद होती: शर्टाच्या डाव्या खिशात कानाचे यंत्र, एक. तिने फाइल मिटली, उठून माठातलं पाणी प्याली, आणि परत येऊन फाइल उघडली.

केस तिने का सोडली नाही, हे तिने स्वतःला पुढे पुष्कळदा विचारलं. आरोपीला वकील मिळायलाच हवा, गुन्हा शाबीत करणं सरकारचं काम, हे तिला मनापासून पटत होतं आणि त्यात खोटं काही नाही. पण तेवढंच नव्हतं. एका साक्षीदाराची केस होती आणि ती आपण जिंकू शकतो हे तिला दिसलं होतं. एखादी गाठ आपल्याच्याने सुटते असं एकदा दिसलं, की बोटं थांबत नाहीत.

भागवतने दोन माणसं तयार ठेवली होती. तो मलकापुरात होता असं सांगायला ती शपथेवर उभी राहणार होती. जयमालाने नको म्हटलं. खोटा साक्षीदार उलटतपासात फुटतो आणि सगळं घेऊन बुडतो, असं तिने त्याला समजावलं. खोटं आणायचं नाही, असं ती म्हणाली नाही. हा फरक भागवतच्या लक्षात आला असावा, कारण तो हसला.

दीड वर्षाने केस उभी राहिली. डॉक्टरांनी तिच्या प्रश्नावर कबूल केलं की अशी जखम विहिरीच्या दगडावर आपटूनही होऊ शकते. उकंडरावची बायको शालूबाई पिंजऱ्यात आली तेव्हा जयमालाने तिला दोनच प्रश्न केले. नवऱ्याशी तुमचं भांडण व्हायचं का? घटनेच्या आधी तुम्ही दोन महिने मुलीकडे जाऊन राहिला होता का? शालूबाई दोन्हीला हो म्हणाली. मुलीचं, छकुलीचं, बाळंतपण होतं म्हणून ती जळगाव जामोदला गेली होती, पण ते कुणी विचारलंच नाही.

मग रहेमतुल्ला. धुवट पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हाताच्या बोटांना वार्निशचे डाग. जयमालाने आवाज जराही चढवला नाही.

“रहेमतुल्लाभाई, तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे?”

“हाव, हाये. पन मॅडम, मी काय म्हंतो...”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“हो.”

“जळगाव जामोदच्या शिबिरात डॉक्टरांनी त्या डोळ्याचं ऑपरेशन करायला सांगितलं होतं. ते आजपर्यंत झालेलं नाही?”

“नाई झालं.”

“आणि त्या दिवशी तुम्ही विहिरीजवळून गेलात तेव्हा सूर्य मावळलेला होता?”

“मावळला होता, पन उजेड होता ना जी...”

तिने मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. म्हाताऱ्याने आशेने सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते पुढच्या केसचे कागद लावत होते. रहेमतुल्लाचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच, म्हणजे त्या घटनेच्याही आधी, ऑपरेशन होऊन लख्ख झालेला होता. शिबिराच्या ज्या कागदावरून तिने डाव्या डोळ्याचा प्रश्न काढला, त्याच कागदाच्या दुसऱ्या ओळीत ते लिहिलेलं होतं. तिने ती ओळ वाचली होती. विचारायचं काम तिचं नव्हतं.

संशयाचा फायदा देऊन कोर्टाने भागवतला सोडलं. निकालानंतर रहेमतुल्ला कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभा होता. तो तिच्यावर चिडला नाही. नुसतं म्हणाला, “उजवा डोळा बनून दोन साल झाले, मॅडम. तुमी इचारलंच नाई.” ते सरकारी वकिलांनी विचारायचं असतं, असं काहीतरी तिने उत्तर दिलं आणि गाडीकडे गेली. वडनेरात त्यानंतर लोक दोन गोष्टी बोलायला लागले. रहेमतुल्लाला दिसत नाही, ही एक. त्याच्याकडे मोटारी येईनाशा झाल्या. आणि शालूबाईनेच नवऱ्याला ढकललं असेल, ही दुसरी. दोन्ही जयमालाच्या प्रश्नांतून निघाल्या होत्या.

पाच महिन्यांनी, वैशाखातल्या एका दुपारी भागवत तिच्या ऑफिसात आला. हातात नागपूरहून आलेली नोटीस होती. शालूबाईने हायकोर्टात अपील केलं होतं. छकुली शिक्षिका होती, तिने धावपळ करून सगळे कागद जमवले होते. डोळ्याच्या डॉक्टरांचा दाखला जोडून, रहेमतुल्लाची साक्ष पुन्हा घ्यावी अशी मागणी त्यात केलेली होती.

भागवत खुर्चीत आरामात बसला होता. त्याने विचारलं की अपील करणारी बाईच नसली तर अपील चालतं का. जयमालाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि असल्या गोष्टी तुम्ही डोक्यात घेऊ नका म्हणून सांगितलं.

“नाई, सहज. अन् साक्षीदारच नसला तं?”

“मग जुनी साक्ष आहे तीच राहते,” ती कागद चाळत म्हणाली. कायदा तसाच होता, म्हणून तोंडून निघून गेलं.

मग त्याने त्या पहिल्या वाटेचं काढलं. त्या वेळी मी तिथं नव्हतो, हे शाबीत करायचं तर काय काय लागतं? जेलातल्या त्या दिवसासारखाच तो मान कलती करून ऐकायला बसला. आणि जयमालाने, कॉलेजच्या पोरांना सांगावं तसं, सांगितलं. ज्याला खोटं बोलायचं कारण नाही असा प्रतिष्ठित माणूस साक्षीला लागतो. वेळ पक्की लागते. जागा लांब लागते.

तो समाधानाने उठला. जाताना त्याने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. वकीलपत्राचा छापील नमुना होता. खाली त्याची सही होती. केस नंबर, तारीख, कलम, सगळं कोरं.

“हे कशाचं?” तिने विचारलं.

“राहू द्या तुमच्यापाशी. घरात मानूस पट्टी-मलम ठेवते ना, लागलं तं असावं. नंबर नंतर टाका.”

तो गेल्यावरही जयमाला कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत होती. फोन वाजला तो तिने घेतला नाही. सही ठळक होती आणि तिच्याखाली दोन टिंबं दिलेली होती. न घडलेल्या गुन्ह्याचं वकीलपत्र तिने आजवर पाहिलं नव्हतं.

अपील करणारी बाई नसली तर, हे शब्द तिच्या कानात बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडनेरला गेली. शालूबाई अंगणात बाजेवर कुरडया घालत होती. तिने जयमालाला ओळखलं, पण बस म्हटलं नाही. उन्हात उभ्याउभ्याच जयमालाने सांगितलं की थोडे दिवस तुम्ही जळगाव जामोदला लेकीकडे जाऊन राहा.

शालूबाईने हातातला सोऱ्या खाली ठेवला. “कोर्टात तुमी मले इचारलं होतं का दोन मयने लेकीकडं गेली होती का म्हून. त्याच्यावरून गावानं मले काय काय म्हनलं. आता तुमीच जा म्हंता.”

थोडेच दिवस, असं जयमाला पुन्हा म्हणाली.

“कोनापासून जपू, ते तरी सांगा.”

“ते मला सांगता येत नाही, बाई. तेवढं सोडून काहीही विचारा.”

शालूबाईने सोऱ्या पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, “समजलं.” आणि पुन्हा कुरडया घालायला लागली.

परतताना जयमालाची गाडी रहेमतुल्लाच्या दुकानावरून गेली. दारात तांब्याच्या तारेची वेटोळी टांगली होती. म्हातारा एका मोटारीवर वाकला होता. गाडीच्या आवाजाने त्याने मान वर केली, तिला ओळखलं, आणि हात कपाळाला लावला. तिला त्या दिवशीचं लिंबाखालचं बोलणं आठवलं आणि लाज वाटली. ती थांबली नाही.

तिसऱ्या दिवशी छकुलीचा फोन आला की आई बसने येऊन पोचली. त्या रात्री ती नीट झोपली.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता भागवत न कळवता पुन्हा आला. बाहेर मुन्शीला त्याने सांगितलं की रजिस्टरमध्ये माझं नाव टायमासहित लिहा. दारावर कॅमेरा होता, त्याच्याकडे तोंड करून उभं राहून त्याने कंगव्याने केस सारखे केले. मग आत येऊन त्याने वाटेच्या जुन्या प्रकरणाचे कागद पसरले. त्यात तातडीचं काहीच नव्हतं. जयमालाने दोनदा सुचवलं की हे सोमवारी बघू. तो बसूनच राहिला. अधूनमधून किती वाजले म्हणून विचारायचा, आणि भिंतीवरचं घड्याळ तर त्याच्या समोरच होतं. बोलता बोलता त्याचा आवाज मध्येच थांबायचा, जसा काही तो दुसरीकडचं ऐकतोय.

चारला पाच मिनिटं कमी असताना तो बोलायचा थांबला. दोन्ही हात मांडीवर ठेवून घड्याळाच्या काट्याकडे पाहत राहिला. चार वाजले. आणखी एक मिनिट गेलं.

“आता तिकडं लाईन आली असंन,” तो म्हणाला.

शेतीची वीज त्या आठवड्यात दुपारी चारला यायची, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. जयमालाने विचारलं, ओलिताचं पाणी चालू आहे का? तो म्हणाला, “नाई. सहजच म्हनलं.” मग त्याने चहा मागवायला सांगितला, सावकाश प्याला, आणि पाचला गेला.

सहा वाजता मुन्शीने आत येऊन सांगितलं की वडनेरचा मोटारवाला रहेमतुल्ला शॉक लागून गेला. भागवतच्या साडूने विहिरीवरची मोटर बघायला बोलावलं होतं, तिथंच. चारच्या सुमाराला.

मुन्शीने दोनदा विचारलं की मॅडम, बरं वाटत नाही का. टेबलावर भागवतचा रिकामा कप अजून तसाच होता. दोन प्रश्न त्याने विचारले होते आणि तिने त्यातला पहिलाच ऐकला होता. दुसऱ्याचं तर तिने उत्तरही दिलं होतं.

सकाळी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. “मॅडम, पोलीस इचारतीन तं सांगजा बरं, मी तुमच्यापाशीच होतो. खरंच हाये ना ते.”

खरंच होतं. ज्याला खोटं बोलायचं कारण नाही असा प्रतिष्ठित माणूस त्याने शोधून काढला होता.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद केली. चौथ्या दिवशी रहेमतुल्लाचा मुलगा अनस तिच्या ऑफिसात आला. मलकापुरातच इलेक्ट्रिशियनचं काम करणारा, तिशीचा. डोळे सुजलेले होते, पण बोलणं शांत होतं. बसला नाही. त्याने खिशातून चिनी मातीच्या तीन पांढऱ्या किटकॅट काढल्या, मेन स्विचात बसतात त्या फ्यूज, आणि टेबलावर ओळीने ठेवल्या.

“अब्बा मोटरीले हात लावायच्या आंधी ह्या काढून खिशात ठेवायचे. चाळीस साल झाले, एक दिवस चुकले नाई. पोलिसायनं कपडे वापस देल्ले, त्याच्यात ह्या होत्या. तिन्हीच्या तिन्ही. मंग करंट आला कुठून?”

अनसने तिसरी किटकॅट बोटाने जरा पुढे सरकवली.

“मी साहेबाले म्हनलं भागवतले इचारा. साहेब म्हने तो तं वकीलबाईच्या ऑफिसात होता, रजिस्टरात हाये. मले एकच सांगा. होता का तो तुमच्यापाशी?”

“होता,” ती म्हणाली. “अडीचपासून पाचपर्यंत.”

अनसने मान डोलावली आणि किटकॅट उचलायला हात पुढे केला.

“खाली बस,” जयमाला म्हणाली. “त्यांना हात लावू नकोस. मला एक फोन करू दे.”

कारभारी वकील आता घरीच असायचे, कान तेवढे तल्लख होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले की उकंडरावच्या केसमध्ये तो जे बोलला, ते मरेपर्यंत तुझ्या पोटात राहील. पण पुढच्या गुन्ह्यासाठी तुझा सल्ला वापरला असेल तर कायदा त्याला पांघरूण घालत नाही. कुठलं वाक्य कुठल्या बाजूचं, हे तुझं तूच ठरव. मग ते म्हणाले, “ठाण्याची पायरी चढलीस की फौजदारीचा माणूस तुझ्याकडे पुन्हा फिरकणार नाही, हे समजून चढ.”

तिने जबाब दिला. नऊ पानं झाली. जेलातल्या तीन गोष्टींबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कोरं वकीलपत्र होतं, रजिस्टर आणि कॅमेरा होता, चार वाजता तो काय बोलला ते होतं. साक्षीदार नसला तर काय होतं, या प्रश्नाला तिने स्वतः दिलेलं उत्तरही तिने लिहून दिलं. लिहून घेणारा फौजदार तिथं थांबला आणि विचारलं की मॅडम, हे तुमच्यावर येईल, ठेवायचं का. तिने ठेवा म्हणून सांगितलं.

मग मात्र पोलीस त्या विहिरीवर नीट गेले. खांबावरून एक वेगळी तार मेन स्विच टाळून सरळ स्टार्टरला नेलेली होती. तार कापून नेली होती, पण दोन्ही टोकांना राहिलेलं तांबं अजून ताजं चकचकत होतं. साडू दुसऱ्या दिवशी रडायला लागला, सगळं कबूल केलं. त्याला आणि भागवतला, दोघांना धरलं.

कारभारी वकिलांनी सांगितलं होतं तसंच पुढे झालं. बार रूममध्ये जयमाला गेली की बोलणी थांबायची. तिच्याविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार गेली. तिच्याकडे राहिले ते वाटणीचे दावे आणि पोटगीच्या बायका.

चार महिन्यांनी भागवतला जामीन मिळाला. नागपूरच्या नव्या वकिलांनी सांगितलं की साडूने पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, आणि आरोपी त्या वेळी घटनास्थळी नव्हता. आदेशाची प्रत तीन दिवसांनी हातात आली, ती जयमालाने ऑफिसात बसून वाचली. चौथ्या परिच्छेदात तिचं नाव होतं. आरोपी घटनेच्या वेळी वीस किलोमीटर दूर होता, हे खुद्द त्याच्या पूर्वीच्या वकिलांच्या जबाबावरूनच दिसून येते, असं तिथं लिहिलेलं होतं. मलकापूर तालुक्यात आणि वडनेरच्या नांदुरा तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, एवढी अट घातली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वडनेरला रहेमतुल्लाच्या घरी गेली. जामिनाची बातमी आपल्याच तोंडाने सांगावी, असं तिला वाटलं. खरं तर ती दुसरंच काही सांगायला गेली होती. रहेमतुल्लाची बायको नूरजहां एकटीच होती. तिने दार उघडलं, जयमालाला आत घेतलं आणि लगेच कडी लावली.

जयमालाने सांगितलं की उजव्या डोळ्याचं मला माहीत होतं. कागद माझ्यापाशी होता. मी मुद्दाम डाव्याचंच विचारलं.

नूरजहां चटईवर बसली होती. तिने दुपट्ट्याचं टोक सारखं केलं. “मालूम हाये,” ती म्हणाली. “ते कोर्टातून आले तं हसत होते. म्हने, पोरगी लय हुशार हाये, मले बोलूच नाई देल्लं. मंग दोन दिवस जेवले नाई.”

तिने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि दोषही दिला नाही. उठून खिडकीचं दार बोटभर उघडलं आणि जयमालाला जवळ बोलावलं. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल उभी होती. तिच्यावर एक माणूस रेलून बसला होता, तोंडाला रुमाल बांधलेला.

“तीन दिवसापासून येऊन राह्यला. काही करत नाई. नुसता बसते. अनसले मी इकडं येऊच देल्लं नाई.” तिने खिडकी लोटली. “तुमी मांगच्या दारानं जा, बेटी. गाडी मी कोनाच्या हातानं पाठवीन.”

जयमालाने मागच्या दाराकडे पाहिलं. खटल्यात तीच मुख्य साक्षीदार होती आणि साक्षीची तारीख अजून पाच महिने लांब होती. साक्षीदार नसला तर पोलिसांपुढच्या नुसत्या जबाबाला कोर्टात किंमत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मग तिने पुढच्या दाराची कडी काढली. उन्हात बाहेर येऊन ती सरळ मोटारसायकलकडे चालत गेली, दहा पावलांवर थांबली, आणि पर्समधून पेन काढून नंबर हातावर लिहिला. माणूस हलला नाही. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तिच्याकडे रोखून धरला, फोटो घेतात तसा. मागे चपलांचा आवाज झाला. नूरजहां डोक्यावरून दुपट्टा घेऊन बाहेर आली होती. ती येऊन जयमालाच्या शेजारी उभी राहिली आणि त्या माणसाकडे बघत, गल्लीतल्या सगळ्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, गाडीच्या नंबरचा एकेक आकडा वाचायला लागली.

एका घराचं दार उघडलं. दुसऱ्याचं उघडता उघडता थांबलं. माणसाने मोबाइल खिशात टाकला, मोटारसायकल चालू केली, आणि घाई न करता नांदुऱ्याच्या रस्त्याला लागला.